गडग्यांच्या खोऱ्यातला पब

इंग्लंडच्या वायव्येला, कम्ब्रियाच्या डोंगरांत, एक रस्ता संपतो. समुद्रकाठची सपाटी आणि गॉसफर्थ गाव मागे पडलं की तो अरुंद होत जातो. वॉस्टवॉटर तळ्याच्या कडेकडेनं जवळजवळ पाच किलोमीटर चालतो, आणि तळं संपल्यावर थोडं पुढे काही शेतघरं, झाडांच्या झुबक्यात लपलेलं एक बुटकं चर्च आणि एक पांढरी इमारत यांच्यापाशी थांबतो. त्या इमारतीच्या कडेच्या त्रिकोणी भिंतीवर काळ्या रंगात इंग्रजी अक्षरं रंगवलेली आहेत, लांबून डोंगर उतरतानाही वाचता यावीत एवढी मोठी: 'इन'. प्यायला, जेवायला आणि रात्री पाठ टेकायला जागा असा त्याचा सरळ अर्थ. ही वॉसडेल हेड इन. मागच्या अंगाला मोझडेल बेक नावाचा ओढा, त्यावर ओझ्याच्या घोड्यांसाठी बांधलेला एका कमानीचा दगडी पूल, आणि त्यापलीकडे नुसते डोंगर.

पब म्हटला की तो गावात असतो, चौकात असतो, चार घरांच्या सोबतीनं असतो. इथं गाव म्हणावं असं काही नाही. मग एवढी इमारत इथं कशी, हे नकाशा उघडला की कळतं. उत्तरेला ब्लॅक सेल खिंडीतून एनरडेलच्या खोऱ्यात उतरता येतं. ईशान्येला स्टाय हेड खिंड बॉरोडेलला नेते. दक्षिणेला बर्नमूरचं पठार ओलांडलं की एस्कडेल. चौथी दिशा समुद्राची. चार वाटांची गाठ जिथं पडते तिथं ही सराई बसली आहे. आपल्याकडे घाटवाटेच्या तोंडाशी पाण्याचं टाकं आणि टेकायला ओटा सापडतो, त्याच न्यायानं. होनिस्टरच्या खाणीतून छपराच्या पाट्या समुद्राकडे नेणारी एक जुनी वाट ग्रेट गेबलच्या कुशीतून इकडे उतरते. तिला मोझेस ट्रॉड म्हणतात. मोझेस नावाचा खाणकामगार पाट्यांच्या ओझ्याखाली चोरटी व्हिस्की लपवून न्यायचा, अशी कथा खोऱ्यात अजून सांगतात. पुढे मोटारींचा काळ आला तेव्हा स्टाय हेडमधून रस्ता काढायचे बेत झाले आणि ते हाणून पाडले गेले. रस्ता इथं संपतो तो त्यामुळं. आज या जागेत जी शांतता आहे, ती त्या न झालेल्या रस्त्याची देणगी आहे.

पबपर्यंत पोचण्याआधी तळ्याच्या नैऋत्य टोकाला गाडी थांबवावी. डावीकडे यूबॅरो, उजवीकडे लिंगमेल आणि त्यांच्या बरोबर मध्ये ग्रेट गेबल. गेबल म्हणजे घराच्या कडेची त्रिकोणी भिंत. ८९९ मीटरचा हा डोंगर नेमका तसाच दिसतो. हा सगळा डोंगराळ भाग ज्यात येतो त्या लेक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानाचं बोधचिन्ह याच देखाव्यावरून घेतलेलं आहे. २००७ साली ब्रिटनच्या एका दूरचित्रवाणी वाहिनीनं लोकांना देशातला आवडता देखावा निवडायला सांगितला, तेव्हाही पहिला नंबर याचाच आला. तळ्याच्या पलीकडच्या काठावर इलगिल हेडचा कडा आहे, आणि कड्याच्या पायाशी घसारा. सह्याद्रीत घसारा म्हटला की दहा-वीस पावलांची निसरडी वाट डोळ्यांपुढे येते. इथं सुमारे पाचशे मीटर उंचीवरून सुट्या दगडांचे पंखे थेट पाण्यात उतरले आहेत, आणि पाण्याखालीही तसेच जातात. वॉस्टवॉटर इंग्लंडमधलं सर्वांत खोल तळं, ७९ मीटर. पाण्याची पातळी समुद्रापासून ६१ मीटरवर, म्हणजे तळ समुद्रसपाटीच्याही खाली. पाण्यात क्षार आणि पोषक द्रव्यं इतकी कमी आहेत की शेवाळ फारसं वाढत नाही. म्हणून ढगाळ दिवशी ते शाईसारखं काळं दिसतं आणि उन्हात काठाशी काचेसारखं.

वॉसडेल हे नावच मुळी पाण्याचं आहे. नवव्या-दहाव्या शतकांत नॉर्वेकडची माणसं आयर्लंड आणि मॅन बेटावरून या किनाऱ्याला आली. त्यांच्या बोलीत वॉसडेल म्हणजे तळ्याचं खोरं. त्या खोऱ्यातल्या तळ्याला पुढच्या लोकांनी वॉस्टवॉटर म्हटलं, तेव्हा 'तळ्याच्या खोऱ्यातलं तळं' झालं. विंध्याचल पर्वत म्हणताना आपणही हेच करतो. डोंगराला फेल, ओढ्याला बेक, घळीला गिल, डोंगरातल्या छोट्या तळ्याला टार्न, धबधब्याला फोर्स: हे सगळे त्याच बोलीचे शब्द, आणि पबमधल्या गप्पांत आजही तेच चालतात. मेंढ्या मोजायची रीत त्याहून जुनी असावी असं सांगतात: यान, त्यान, टेथेरा, मेथेरा, पिंप. पिंप म्हणजे पाच. वेल्श भाषेतला पाचाचा शब्द त्याचा सख्खा भाऊ आणि संस्कृतातला 'पंच' लांबचा. दहाला डिक म्हणतात, त्यातही 'दश' ऐकू येतो.

पबसमोरच्या बाकावर बसलं की तळं दिसत नाही, ते मागे राहिलेलं असतं. दिसतात ते गडगे. वॉसडेल हेडची खरी ओळख ती, आणि छायाचित्र काढणाऱ्यांपैकी बरेच जण त्यांच्यावरून नजर पुढे नेतात याचं वाईट वाटतं. खोऱ्याच्या सपाट तळावर कोरड्या दगडी भिंतींचं जाळं आहे. वरून, गेबलच्या सोंडेवरून पाहिलं तर वाळलेल्या पानाच्या शिरा उरल्यासारखं दिसतं. एकही वावर चौकोनी नाही. काही ठिकाणी गडगा इतका रुंद की भिंत न वाटता ओटा वाटावा, आणि काही वावरांच्या मध्येच दगडांचे गोल ढीग.

हे असं का, याचं कारण बर्फात आहे. शेवटच्या हिमयुगात या खोऱ्यातून हिमनदी सरकली. तिनं खोऱ्याचा तळ रुंद आणि सपाट खरवडला, बाजूचे डोंगर उभे कापले, आणि सुमारे साडेअकरा हजार वर्षांपूर्वी बर्फ संपल्यावर सगळा राडारोडा तिथंच टाकला. त्यावर ओढ्यांनी पुरागणिक आणखी गोटे आणून ओतले. पुढे ज्याला इथं नांगर घालायचा होता किंवा गवत वाढवायचं होतं, त्याच्यापुढे पहिला प्रश्न होता तो दगड ठेवायचे कुठं. लांब नेणं परवडत नव्हतं. म्हणून ते वावराच्या कडेला रचले. कडेला मावेनात तेव्हा गडगा रुंद केला, तरी उरले ते मध्ये ढीग करून टाकले. कुंपणासाठी दगड गोळा झाले असं वरवर वाटतं. इथं दगड निस्तरता निस्तरता कुंपणं झाली. कोकणात जांभ्याच्या सड्यावर बाग करणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

रचण्याची पद्धत साधी, पण तिच्यात फसवाफसवी चालत नाही. आधी माती काढून टणक जमिनीपर्यंत उथळ चर घ्यायचा. त्यात सगळ्यांत मोठे दगड बसवायचे. त्यावर गडग्याच्या दोन बाजू, म्हणजे दोन वेगळ्या भिंतीच, एकाच वेळी चढवायच्या. पायाशी रुंदी सुमारे सत्तर सेंटीमीटर, माथ्याशी चाळीसच्या आत-बाहेर, उंची एक मीटर चाळीस. दोन्ही बाजू आत कलत जातात, म्हणून गडगा स्वतःच्याच वजनानं स्वतःला धरून ठेवतो. दोन बाजूंच्या मधल्या पोकळीत चिपा भरायच्या, त्याही एकेक हातानं बसवून. फावड्यानं ओतायच्या नाहीत, आणि मातीचा खडाही घालायचा नाही. मातीत पाणी धरतं, पाण्याचा हिवाळ्यात बर्फ होतो, बर्फ फुगतो आणि गडग्याचं पोट सुटतं. साधारण गुडघ्याच्या वर पोचलं की ठरावीक अंतरावर आरपार दगड टाकायचे, दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारे. शेवटी माथ्यावर जाड दगड उभे लावायचे. चुना नाही, सिमेंट नाही. एका मीटरला टनाहून जास्त दगड लागतो, आणि मुरलेला कारागीर दिवसाला दोन-तीन मीटर उचलतो. सांधा नेहमी दगडानं झाकला गेला पाहिजे: एकावर दोन, दोनावर एक. सांधे एकाखाली एक आले तर तिथून भिंत चिरत जाते. दुसरी चूक मोहाची आहे. लांब दगडाची लांब बाजू दर्शनी ठेवली की काम भराभर पुढे सरकतं आणि देखणंही दिसतं. पण दगडाची लांबी पोटात गेलेली नसते, म्हणून दहा-पंधरा हिवाळ्यांनी ती बाजू सोलल्यासारखी गळून पडते. दगडाचं लांब अंग आत गेलंच पाहिजे.

गडग्यात खाली कुठं कुठं चौकोनी भोकं दिसतात. मोठं असेल तर मेंढ्यांना एका वावरातून दुसऱ्यात सोडण्यासाठी. काम झालं की दगडाच्या फरशीनं बंद. लहान असेल तर सशासाठी किंवा पाण्यासाठी. पाण्याला वाट दिली नाही तर ते स्वतः काढतं, आणि मग चार मीटर गडगा सोबत नेतं. पबकडे येणाऱ्यांनी एवढं तरी पाळावं: गडग्यावर चढू नये. आडव्या वाटेनं वाचणारी पाच मिनिटं माथ्याचा एक दगड सैल करतात. तो पडला की त्याखालचे दोन उघडे पडतात, आणि पुढच्या थंडीत तिथं खिंडार असतं.

गडग्यांच्या वरच्या रानात मेंढ्या असतात, बहुतेक हर्डविक जातीच्या. कोकरू जन्मतं तेव्हा जवळजवळ काळं. वर्षभरानं तपकिरी, मग वय वाढेल तसं करडं होत जातं. तोंड मात्र पांढरं. लोकर राठ आणि पाऊस झाडून टाकणारी. वरच्या डोंगराला कुंपण नाही, तरी कळप आपापली हद्द सोडत नाहीत, कारण आईनं कोकराला ती जागा दाखवलेली असते आणि ते कोकरू आई झालं की तेच करतं. याला इथं हीफ म्हणतात. ही ओढ विकत मिळत नाही. २००१ साली लाळ्या-खुरकुताच्या साथीत ब्रिटनमध्ये लाखो जनावरं मारावी लागली, तेव्हा कम्ब्रियातल्या मेंढपाळांना सगळ्यांत मोठी धास्ती याचीच होती. कळप नवा घेता येतो. डोंगराची ओळख असलेला कळप एकदा गेला की पुन्हा पिढ्या घालवाव्या लागतात, आणि तोवर रोज माणसानं रानात उभं राहून मेंढ्या वळवाव्या लागतात. मुलांसाठी सशाच्या गोष्टी लिहिणाऱ्या बिअॅट्रिक्स पॉटर उतारवयात इथल्याच मेंढपाळीण झाल्या. १९४३ साली त्या गेल्या तेव्हा ४,००० एकरांहून जास्त जमीन त्यांनी नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला दिली, आणि त्या डोंगरी शेतांवर हर्डविकच राहाव्यात अशी इच्छा नोंदवून ठेवली.

पबच्या खिडकीतून जे गुळगुळीत हिरवे उतार दिसतात ते या मेंढ्यांच्या दातांचं काम आहे. मेंढी काढली तर आधी नेचे पसरतील, मग काटेरी झुडपं, मग बर्च आणि रोवनची झाडं. तसं व्हावं असं म्हणणारे जाणकार आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे: अति चराईनं माती पातळ होते आणि पावसाचं पाणी डोंगरावर न मुरता थेट खाली धावतं. घळींना कुंपण घालून तिथं झाडं वाढू द्यावीत, हे पटण्यासारखंच आहे, आणि लेक डिस्ट्रिक्टमध्ये ठिकठिकाणी ते सुरूही आहे. पण २०१७ साली युनेस्कोनं या भूभागाला जागतिक वारसा म्हटलं ते माणूस आणि डोंगर यांनी मिळून घडवलेलं निसर्गचित्र म्हणून. मेंढपाळ गेला तर त्यातलं अर्धं जातं. गडगे बांधणारंही मग कुणी उरत नाही.

पावसाबद्दल सह्याद्रीच्या माणसाला काय सांगावं! स्टाय हेडच्या पलीकडे उतरलं की सीथवेट ही वस्ती लागते. इंग्लंडमधलं सर्वांत ओलं वस्तीचं ठिकाण, वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर. आंबोलीत याच्या दुपटीहून जास्त पडतो. फरक वाटणीत आहे. आपला पाऊस चार महिन्यांत येऊन जातो आणि उरलेले आठ महिने डोंगर कोरडा असतो. इथला पाऊस बारा महिने वाटलेला आहे, त्यामुळं जमीन कधीच पुरती वाळत नाही, आणि बूटही नाहीत. कधी तो एकदमच येतो: ५ डिसेंबर २०१५ रोजी संपलेल्या चोवीस तासांत जवळच्या होनिस्टर खिंडीत ३४१.४ मिलिमीटर नोंदला गेला, तो ब्रिटनचा विक्रम आहे. २६ जुलै २००५ ची मुंबई पाहिलेल्यांना आकडा लहान वाटेल. पण उघड्या, उभ्या, पातळ मातीच्या डोंगरावर तेवढ्यानं पूल आणि गडगे वाहून जातात.

या पावसाचा आणि पबच्या तळघराचा थेट संबंध आहे, आणि पबमध्ये बसणाऱ्यांना तो सहसा माहीत नसतो. इथं जी बिअर हाताच्या पंपानं ओढून देतात ती जिवंत असते. कारखान्यातून पिंप निघतं तेव्हा आत यीस्ट असतो आणि तो काम करतच असतो. नेहमीचं पिंप नऊ गॅलनचं, म्हणजे सुमारे ४१ लिटर, बहात्तर पाइंट. एक पाइंट ५६८ मिलिलिटर. पिंप तळघरात आलं की आडवं करून घोडीवर ठेवतात आणि दोन्हीकडून पाचरी मारतात, म्हणजे ते तसूभरही हलत नाही. नंतर वरच्या बुचात मऊ, सच्छिद्र लाकडाची खुंटी ठोकतात. तिच्यातून जादा वायू फसफसत निघून जातो. फसफस थांबली की ती काढून टणक लाकडाची खुंटी बसवायची, म्हणजे उरलेला वायू आत राहतो आणि बिअरला चव राहते. पुढच्या तोंडावर लाकडी हातोड्याच्या एकाच घट्ट फटक्यानं तोटी बसवतात. दोनदा-तीनदा ठोकलं तर बिअर भिंतीवर उडते आणि गाळ ढवळतो. मग थांबायचं, निदान एक दिवस. गाळ खाली बसावा म्हणून परंपरेनं माशाच्या वाताशयापासून केलेला पदार्थ घातलेला असतो. आपल्या किनाऱ्यावर घोळ माशाच्या ज्या पिशवीला सोन्यासारखा भाव येतो, त्याच जातीचा. तळघर अकरा ते तेरा अंशांवर हवं. त्याहून उबदार झालं तर बिअर मरगळते आणि आंबट होते, फार थंड झालं तर धुरकटते. पिंप अर्ध्याच्या आसपास आलं की मागची बाजू अलगद उचलायची, तीही कुणी बिअर ओढत नसताना.

अडचण पुढे आहे. पिंप एकदा सुरू केलं की विक्रीच्या वेळी पुन्हा मऊ खुंटी लावतात, तिच्यातून ओढलेल्या बिअरच्या जागी हवा शिरते, आणि हवेनं तीन दिवसांत चव उतरू लागते. शहरातल्या पबला रोज ठरलेलं गिऱ्हाईक असतं. डोंगरातल्या पबचं गिऱ्हाईक आकाश ठरवतं. शनिवारी किती पिंपं तयार हवीत हे गुरुवारी ठरवावं लागतं, आणि गुरुवारी मालक हवामानाचा अंदाज वाचून, गेबलवरच्या ढगाकडे बघून ते ठरवतो. ऊन पडलं तर दुपारी तीनलाच डोंगरावरून दोनशे तहानलेली माणसं उतरतील आणि पिंप कमी पडेल. घाईनं दुसरं उघडलं तर ते गढूळ निघेल. पाऊस आला तर गाड्या तळ्यापाशीच वळतील आणि चांगली बिअर सोमवारी मोरीत ओतावी लागेल. म्हणून अशा पबमध्ये आडव्या हवेच्या दिवशी पाच पंपांपैकी दोनांवर पाटी उलटी लावलेली, म्हणजे ती बिअर बंद, दिसली तर तक्रार करू नये. तो मालक त्याचं काम नीट करतो आहे. पाचही पंप रिकाम्या खोलीत सुरू असतील तर मात्र जरा जपून मागावं.

डोंगराकडच्या पबमध्ये पायाखाली फरशी असते ती शोभेसाठी नाही. भिजलेले बूट, कुत्री आणि पाठपिशव्या यांना गालिचा टिकत नाही. सरळ गल्ल्यापाशी जायचं, मागायचं, तिथंच पैसे द्यायचे. टेबलाशी कुणी विचारायला येत नाही. गल्ल्यापाशी रांग दिसत नसली तरी कोण आधी आलं हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि ते पाळलं जातं. जेवणाची वेळ पिण्याच्या वेळेआधी संपते. संध्याकाळी उशिरा डोंगरावरून उतरणाऱ्या भुकेल्या माणसाची इथंच फसगत होते, म्हणून स्वयंपाकघर कधी बंद होतं हे सकाळी निघतानाच विचारून ठेवावं.

वॉसडेल हेडचा सगळ्यांत प्रसिद्ध मालक विल रिटसन, १८०८ ते १८९०. शेतकरी, मार्गदर्शक आणि थापाड्या. आमच्या खोऱ्यात सलगम एवढे मोठे होतात की लोक ते पोखरून आत मेंढ्या बांधतात, असं तो शहरातून आलेल्या पाहुण्यांना गंभीर चेहऱ्यानं सांगे. त्याच्या आठवणीत दर नोव्हेंबरला खालच्या सँटन ब्रिज गावातल्या पबमध्ये जगातला सर्वांत मोठा थापाड्या निवडायची स्पर्धा भरते. राजकारणी आणि वकील यांना तिथं प्रवेश नाही, ते फार सराईत असतात म्हणून. इनमधला बार रिटसनच्याच नावानं चालतो.

रिटसन थकत आला तेव्हा इथं वेगळी माणसं उतरू लागली होती. जून १८८६ मध्ये वॉल्टर हॅस्केट स्मिथ नावाचा तरुण गेबलच्या दक्षिण अंगावरच्या नेप्स नीडल या सुळक्यावर एकटाच, दोराशिवाय चढला. वर पोचल्याची खूण म्हणून त्यानं आपला रुमाल माथ्यावर दगडाखाली ठेवला. ब्रिटनमध्ये प्रस्तरारोहण हा स्वतंत्र खेळ म्हणून त्या दिवसापासून मोजतात. पन्नास वर्षांनी, १९३६ साली, पंच्याहत्तरी ओलांडलेला हॅस्केट स्मिथ त्याच सुळक्यावर पुन्हा चढला, या खेपेला दोर लावून. मधल्या काळात ही इन म्हणजे गिर्यारोहकांचं घर झालं होतं. ओसरीत खिळ्यांचे बूट आणि ओले दोर, आणि पावसाच्या दिवशी घरातच कसरती: बिलियर्डच्या टेबलाखालून पाय न टेकवता आरपार जायचं.

चर्च इथून पाच मिनिटांवर आहे. सेंट ओलाफ, इंग्लंडमधल्या सर्वांत लहान चर्चपैकी एक, भोवती यूची काळपट झाडं आणि गडगा. आतल्या तुळया जुन्या जहाजांच्या आहेत असं सांगतात. दक्षिणेच्या एका खिडकीच्या काचेवर नेप्स नीडल कोरलेला आहे, बोटभर उंचीचा, आणि त्यासोबत डोंगरांकडे डोळे लावून बळ मागणारी बायबलची ओळ. अंगणात गिर्यारोहकांच्या कबरी आहेत. १९०३ साली स्कॉफेलच्या कड्यावर एकाच दोरातले चौघे पडून गेले, त्यांपैकी तिघे इथं आहेत. पूर्वी मात्र इथं दफन करायची परवानगीच नव्हती. प्रेत घोड्यावर बांधून बर्नमूरच्या पठारावरून एस्कडेलच्या चर्चला न्यावं लागे. ती वाट आजही प्रेतवाट म्हणूनच ओळखली जाते, आणि धुक्यात तिच्यावरून चालताना ते नाव विसरता येत नाही. पहिल्या महायुद्धात गेलेल्या सोबत्यांसाठी इथल्या गिर्यारोहण क्लबनं गेबल आणि भोवतालची शिखरं विकत घेतली आणि १९२३ साली नॅशनल ट्रस्टच्या हवाली केली, सगळ्यांनी कायम मोकळं फिरावं म्हणून. दर नोव्हेंबरच्या स्मरण-रविवारी गेबलच्या माथ्यावरच्या कांस्याच्या नकाशाभोवती माणसं जमतात आणि पावसात, वाऱ्यात दोन मिनिटं उभी राहतात.

आता इथं येणाऱ्यांतले बहुतेक जण ९७८ मीटरच्या स्कॉफेल पाइकसाठी येतात, इंग्लंडचं सर्वांत उंच शिखर म्हणून. लंडन-मँचेस्टरमध्ये नोकरी करणारे मराठी ट्रेकरही त्यांत आले. उंची ऐकून हसू नये: कळसूबाई १,६४६ मीटर खरी, पण इथली चढाई जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होते, आणि नऊशे मीटर एका दमात चढावे लागतात. तळ्याच्या डोक्याशी असलेल्या वाहनतळावरून लिंगमेल गिलच्या ओढ्याकाठानं, ब्राउन टंग नावाच्या सोंडेवरून, हॉलो स्टोन्सच्या खोलगटातून माथा. जाऊन-येऊन पाच-सहा तास. चूक होते ती उतरताना. माथा म्हणजे मोठमोठ्या धोंड्यांचं पठार, तिथं पायवाट उमटत नाही, आणि वाट दाखवायला रचलेल्या दगडांच्या राशी चारही दिशांना दिसतात. धुक्यात चुकीच्या राशीमागे गेलं की माणूस एस्कडेलला किंवा सीथवेटला उतरतो, आणि सीथवेटहून मोटारीनं परत यायला तासाहून जास्त लागतो. त्याहून वाईट म्हणजे पिअर्स गिल. उत्तरेकडे उतरणारी ही घळ वरून सोपी वाटते. पाण्याच्या मागे गेलं की खाली पोचू, असा मनाचा हिशेब असतो. घळ अरुंद होत जाते, मग पाण्याचे कडे लागतात, आणि तिथून खालीही जाता येत नाही, वरही. वॉसडेलचं बचावपथक, सगळे बिनपगारी स्वयंसेवक, या एका घळीत पुन्हा पुन्हा उतरलं आहे. होकायंत्र आणि कागदी नकाशा जवळ हवा. खोऱ्यात फोनला रेंज मिळेल हे धरून चालू नये.

इतक्या पायांनी वाट झिजते. गवताचं पातडं फाटलं की पाऊस त्याच रेषेतून धावतो, वाटेची घळ होते, लोक घळीच्या कडेनं चालतात आणि रुंदी वाढते. दुरुस्तीसाठी हेलिकॉप्टरनं दगडांच्या गोण्या वर टाकतात. कारागीर खालून वर काम करत जातात. प्रत्येक दगडाचा मोठा भाग जमिनीत गाडतात आणि माथा मुद्दाम खडबडीत ठेवतात, म्हणजे बूट धरतो. तिरके दगड लावून पाणी बाजूला काढतात. तरीही उतरताना गुडघे दुखतात म्हणून काही जण बाजूच्या मऊ गवतावरून चालतात, आणि दोन वर्षांत तिथं नवी जखम दिसू लागते. दगडांवरूनच चालावं.

बाकावर बसायची वेळ म्हणाल तर ऑक्टोबर. जून-जुलैच्या निवांत, वारा नसलेल्या संध्याकाळी सूक्ष्म डासांचे ढग येतात आणि सगळ्यांना आत पळवतात. ऑक्टोबरात ते नसतात. नेचे गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचे झालेले असतात, आणि हर्डविकांचा करडा रंग त्यावर उठून दिसतो. पश्चिमेला यूबॅरो उभा असल्यामुळं पबच्या अंगणातलं ऊन लवकर जातं. तुम्ही सावलीत बसलेले असता आणि समोर लिंगमेल मात्र अजून अर्धा-पाऊण तास पेटलेला असतो. सावलीची रेघ त्याच्या अंगावरून हळूहळू वर सरकते, गडगा ओलांडते, मेंढ्या ओलांडते. डिसेंबरात हे सगळं चारच्या आत आटोपतं.

रात्री घंटा वाजते, शेवटच्या मागणीची. लोक ग्लास रिकामे करून बाहेर पडतात. उन्हाळ्यातल्या शनिवारी या वेळेला अंधारात ब्राउन टंगवर दिव्यांची माळ चढत असते: चोवीस तासांत ब्रिटनची तीन शिखरं करायला निघालेले लोक, दिवसा स्कॉटलंडमधलं बेन नेव्हिस उरकून आलेले. आत मालक शेगडीतले निखारे ओढून ठेवतो, पंपांच्या तोट्या पुसतो, तळघरात उतरतो, आणि चालू पिंपांच्या बुचातल्या मऊ खुंट्या काढून टणक खुंट्या सकाळपर्यंतसाठी ठोकून घट्ट बसवतो.